सबमरीनर-छाप दोन घड्याळं, मशीन एकच

रोलेक्स सबमरीनर या पाणबुड्यांसाठीच्या घड्याळाच्या वळणाचं स्वस्त घड्याळ निवडताना मशीनवरून वाद घालू नका. इन्व्हिक्टा ८९२६ओबी काय नि पगानी डिझाइन १६६१ काय, दोन्हींत सेइकोचंच एनएच३५: तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावी दिली की साधारण ४१ तास.

मी आधी बेझल (काचेभोवतीचं फिरणारं कडं) फिरवतो. ठिपका बरोबर १२ वर बसतो का, उलट्या दिशेला खुळखुळतो का, बोटाला लगेच कळतं. मग काच. पगानीला सफायर, सहसा ओरखडा पडत नाही. इन्व्हिक्टाला साधी मिनरल. पाण्यात मात्र इन्व्हिक्टा सरस: २०० मीटर, पगानी १००. टॉर्च मारून अंधारात काटे चमकतात का, तेही बघा.

इन्व्हिक्टाच्या कडेवर कोरलेलं भलंमोठं नाव मला खुपतं, म्हणून मी पगानी घेतलं. रोज पोहणाऱ्या भावाला मात्र इन्व्हिक्टाच घ्यायला लावलं.