उभयान्वयी: न् मागच्या अक्षराला द्या

डी.एड.च्या सराव पाठाला मालगुंडजवळच्या एका शाळेत मी सहावीच्या वर्गावर उभी राहिले. दोन शब्द किंवा वाक्यं जोडणाऱ्या अव्ययाचं नाव फळ्यावर फोडून लिहिलं, उ-भ-या-न्व-यी. मुलं ते तसंच म्हणू लागली आणि 'न्व'पाशी अडली. जीभ अडली की मध्ये 'अ' शिरतोच. बघता बघता सगळा वर्ग 'उभयानवयी' म्हणायला लागला. चूक मुलांची नव्हती, माझ्या फोडीची होती. मालगुंड हे केशवसुतांचं गाव. 1911 साली मराठीचं शास्त्रीय व्याकरण देणारे मोरो केशव दामले त्यांचे धाकटे भाऊ. त्या मातीत मी शब्द चुकीचा शिकवला, ही टोचणी मला बरेच दिवस होती.

नव्याने व्याकरण शिकवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: लिहिताना न् आणि व जोडलेले असतात, पण बोलताना न् मागच्या अक्षराला चिकटतो. उ-भ-यान्-व-यी. पाच अक्षरं, पाच टाळ्या. 'यान्' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवा, क्षणभर तिथंच ठेवा, मग खालचा ओठ 'व'साठी वर जाऊ द्या.

संधी फोडली की हे पक्कं होतं. उभय + अन्वयी. दोन अ मिळून आ, म्हणून 'या'. अन्वय म्हणजे अनु + अय. उ चा व झाला, न् मात्र 'अनु'चाच राहिला. म्हणूनच 'संवाद'मधल्यासारखा नाकातला उच्चार इथे करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वाक्य दिलं, 'होडी धक्क्याला लागली आणि मासळी उतरली.' वडिलांबरोबर जेटीवर जाणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, 'आणि'नं दोन्हीकडं धरून ठेवलंय." उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध; मी सांगण्याआधीच त्याला ते कळलं होतं. मग टाळ्या वाजवत शब्द म्हटला, तेव्हा कुणीच अडखळलं नाही.

बाकीच्या संज्ञांना मात्र हीच फोड डोळे मिटून लावू नका. 'केवलप्रयोगी'त समासाचा सांधा सांभाळा: के-वल्-प्र-यो-गी. 'प्र' पुढच्या शब्दाचा, तो तोडायचा नाही. 'शब्दयोगी'त 'द'मधला अ टिकतो, शब्-द-यो-गी. जोडाक्षरातला शेवटचा अ मराठी सहसा गाळत नाही. 'अव्यय'ला दोनच टाळ्या, अव्-यय्.

आजही पाठ टाचणात नवी संज्ञा आली की मी बाजूला दोन ओळी लिहिते: एक संधीची, एक टाळ्यांची.