रीमॅपनंतर चेक इंजिनचा दिवा लागला, तर ट्यूनरला फोन करण्याआधीची तयारी

रीमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) बदललेली फाईल घातलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला की आधी मोबाईल काढून मीटरचा फोटो घ्या. कोणकोणते दिवे लागलेत, तापमानाचा काटा कुठे आहे, किलोमीटर किती झालेत, हे सगळं एका फोटोत येतं. दिवा स्थिर आहे की ब्लिंक होतोय हे फोटोत दिसत नाही, म्हणून पाच सेकंदांचा व्हिडिओही काढा. नांदेडहून पुणं चारशे किलोमीटरच्या वर आहे. ही फाईल लिहिणारा ट्यूनर तिकडे आणि गाडी इकडे असेल तर निम्मं निदान तुम्ही जमवलेल्या माहितीवरच होणार.

लाल ऑइलचा किंवा लाल तापमानाचा दिवा असेल तर पुढचं काही वाचू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. पेट्रोल गाडीत चेक इंजिन ब्लिंक होत असेल तर तो मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि महागडा कन्व्हर्टर आतून वितळतो, म्हणून पायाखालचा जोर लगेच कमी करा; टो करून नेता आली तर उत्तम. पोलो, व्हेंटो, रॅपिडच्या डिझेलमध्ये ग्लो प्लगचा स्प्रिंगसारखा दिवा ब्लिंक होतो, तोही इंजिनातल्या बिघाडाचाच इशारा असतो. स्थिर पिवळा दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल तर २५०० आरपीएमच्या आत ठेवून घरापर्यंत आणायला हरकत नाही. चेक इंजिनसोबत ईएसपी किंवा ट्रॅक्शनचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला म्हणून चाकांचे सेन्सर उघडत बसू नका. इंजिनच्या टॉर्कचा भरवशाचा आकडा मिळेनासा झाला की बऱ्याच गाड्यांत ही यंत्रणा स्वतःहून बंद होते.

घरी काय काय जमवून ठेवायचं? ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावून कोड वाचणारा) किंवा त्याच सॉकेटला लागणारा चांगला ईएलएम ३२७ अडॅप्टर आणि मोबाईलवर ॲप (अगदी स्वस्तातले नकली अडॅप्टर मधूनच तुटतात आणि काही डेटा दाखवतच नाहीत), मल्टिमीटर, टॉर्च, १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, दोन जादा होज क्लॅम्प, स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी, एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) साफ करायचा क्लीनर आणि पांढरं फडकं. याशिवाय मूळ स्टॉक फाईल (कंपनीची, ट्यूनच्या आधीची) आणि ईसीयूचा हार्डवेअर व सॉफ्टवेअर नंबर. स्टॉक फाईल ट्यून करतानाच मागून घ्यायची असते. राहिली असेल तर आज मागा.

स्कॅनर लावल्यावर सगळे कोड (बिघाडाचे नंबर) लिहून घ्या, पेंडिंगसुद्धा (अजून पक्के न झालेले). कोडसोबत बहुतेक वेळा फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, वेग आणि पाण्याचं तापमान. तिचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय कोड क्लिअर करू नका. सर्वात मोठं नुकसान इथेच होतं: फिटर दिवा घालवून देतो, गाडी दोन दिवस बरी चालते आणि पुरावा कायमचा पुसला जातो. स्क्रीनशॉट घेतला, मग क्लिअर केला, मग तो कोड कोणत्या परिस्थितीत परत येतो ते पाहिलं, हा योग्य क्रम.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसतं, नव्या गाड्यांत अल्टरनेटर मधूनमधून कमीही देतो. फाईल मारल्याबरोबर (ईसीयूत घातल्याबरोबर) एकदम पाच-सात यू कोड (गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क तुटल्याचे) आले असतील तर टर्मिनल, अर्थिंग आणि फ्यूज तपासा. गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही बघा. पी ०६०१, पी ०६०५ किंवा पी ०६०६ आला तर मात्र पान्याला हात लावू नका. यात फाईलचा चेकसम (फाईल अचूक आहे का हे तपासणारा आकडा) जुळलेला नसण्याची किंवा फ्लॅश (फाईल घालणं) अर्धवट राहिल्याची शक्यता मोठी असते. गाडी उभी करून थेट ट्यूनरशी बोला.

डिझेलमध्ये नेहमी येणारा कोड पी ०२९९, म्हणजे ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मिळत नाही. ट्यूनला दोष देण्याआधी एअर फिल्टर काढा. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात कंपनीच्या ठरावीक किलोमीटरच्या कितीतरी आधी फिल्टर भरून टाकते, आणि कॉम्प्रेसरने उलट हवा मारली की कागदाला बारीक छिद्रं पडतात, नवाच बसवा. मग टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे सगळे होज हाताने दाबून, वळवून पाहा. सांध्यावर ताजा तेलकट डाग असेल तर फडक्यावर उमटतो, आणि बहुतेक वेळा हवा तिथूनच सुटत असते. स्टॉक बूस्टला जो क्लॅम्प टिकत होता तोच वाढलेल्या दाबाला सरकतो. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन चिरतात. त्या वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. साबणाचं पाणी फक्त बूस्टच्या बाजूला आणि दाब असतानाच उपयोगी पडतं; वर्कशॉपमध्ये स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर भरून गळती शोधणं) मिळाली तर तीच करा.

एक सोपी तपासणी फार थोडे लोक करतात. इंजिन थंड, चावी ऑन, इंजिन बंद. आता मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा पाहा. त्या वेळी तो बाहेरच्या हवेचा दाबच दाखवायला हवा: छत्रपती संभाजीनगरात सुमारे ९४-९५ केपीए (किलोपास्कल), नांदेडात सुमारे ९७. बॅरोचा (बाहेरच्या हवेच्या दाबाचा) आकडा स्कॅनरवर स्वतंत्र दिसत असेल तर दोन्ही जुळायला हवेत. यात पाच-सात केपीएचा फरक असेल तर सेन्सरवर काजळी बसलीय किंवा तो खराब आहे, आणि त्याच्या जिवावर केलेलं कुठलंही निदान चुकेल.

पी ०२३४, म्हणजे बूस्ट जास्त, आला तर व्हीजीटी (हलत्या पात्यांच्या) टर्बोची पाती काजळीने अडकलीत का ते पाहावं लागतं. ७५ पीएसच्या स्विफ्ट डिझेलमध्ये व्हीजीटी नाही, तिथे वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) आणि त्याची नळी पाहा. ९० पीएसच्या अर्टिगात व्हीजीटी आहे.

आता लॉग, म्हणजे गाडी चालवताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद. दोन माणसं हवीत, एकाने फक्त गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मोबाईल सांभाळायचा. सकाळचा मोकळा सरळ रस्ता, तिसरा गिअर, १८०० ते ४००० आरपीएम, पूर्ण ॲक्सिलरेटर, वेगमर्यादेच्या आत. मांजरसुंब्याच्या घाटात, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांमध्ये हे करू नका. मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, मागितलेला रेल प्रेशर (नोझलना जाणाऱ्या डिझेलचा दाब), मिळालेला रेल प्रेशर, एमएएफ आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान एवढं नोंदवा. मागणीचा आकडा साध्या ॲपमध्ये येत नाही. त्यासाठी वर्कशॉपचा स्कॅनर लागतो, आणि तो खर्च करावाच. मागणीच अवाजवी असेल तर फाईल सुधारायला हवी. मागणी वाजवी असून मिळणारा आकडा मागे पडत असेल तर गाडीतला भाग कमकुवत आहे. मे महिन्यात ४२ अंशांत दुपारी दुसरा लॉग घ्या. इंटरकूलरची जाळी धुळीने बुजलेली असेल तर सकाळ-दुपारचा फरक लगेच कळतो.

पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. डिझेल फिल्टर बदला आणि खालच्या स्क्रूतून पाणी काढा, विशेषतः शेतातल्या कॅनमधलं डिझेल गाडीत गेलं असेल तर. तरी फरक नसेल तर नोझलची रिटर्न तपासणी करून घ्या: प्रत्येक नोझलच्या रिटर्नला एक बाटली, इंजिन आयडलवर, एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच लवकर भरली तर ती नोझल गळतेय. हाय प्रेशरचा पाइप चालू इंजिनवर कधीही ढिला करू नका. ती धार कातडीत घुसते, आणि जखम दिसायला छोटी असली तरी लगेच दवाखान्यात जावं लागतं.

टर्बो पेट्रोलमध्ये पी ०३०० ते पी ०३०४, म्हणजे मिसफायर, आला तर (शेवटचा आकडा सिलिंडरचा, ०३०० म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही) प्लगची गॅप मोजा. वाढलेल्या बूस्टला ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात, पण ट्यूनरने सांगितलेला आकडाच धरा. कोड पी ०३०२ असेल तर दोन नंबरची कॉईल तीनवर आणि तीनची दोनवर बसवा. कोड पी ०३०२ चा पी ०३०३ झाला तर कॉईल गेलीय. फाईल कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिली होती ते विचारा आणि त्यापेक्षा कमी भरू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) जास्त काजळी. पी २४६३, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साचलीय, आला तर आधी ऑइल डिपस्टिक पाहा. रीजन (ही काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहत गेलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. पातळी ठीक असेल आणि फक्त डीपीएफचाच दिवा असेल तर गाडी पंधरा-वीस मिनिटं ताशी ६० किमीच्या वर सलग चालवा. त्यानंतर पाचटावर किंवा पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी उभी करू नका, सायलेन्सर आग लावण्याइतका तापलेला असतो. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका, ते बेकायदेशीर आहे आणि काळ्या धुराखाली खरा बिघाड झाकला जातो.

शेवटी स्टॉक फाईल मारून त्याच रस्त्यावर तोच लॉग घ्या. कोड राहिला तर दोष गाडीत. कोड गेला तरी गाडी लगेच निर्दोष ठरत नाही, कारण स्टॉक फाईल तेवढा बूस्ट आणि तेवढं डिझेल मागतच नाही. फोटो, व्हिडिओ, फ्रीझ फ्रेम, दोन्ही लॉग, बॅटरीचा आकडा आणि बदललेल्या भागांची नावं एकाच मेसेजमध्ये ट्यूनरला पाठवा. मधल्या काळात सर्व्हिस सेंटरला गाडी गेली तर सॉफ्टवेअर अपडेट करू नका असं जॉब कार्डवर लिहून घ्या, कारण अपडेटने ट्यून पुसली जाते आणि पुढचा लॉग कोणत्या फाईलचा हेच कळत नाही.