'फुल्ली फंडेड' पीएच.डी. : पैसा कुठल्या महिन्यापर्यंत?

पीएच.डी.च्या जाहिरातीत 'फुल्ली फंडेड', म्हणजे फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च भागवणारी, असं दिसलं की जीव भांड्यात पडतो. इतक्यात पडू देऊ नका. हा पैसा कुणाचा आणि कधी संपतो, ते आधी विचारा.

माझी पीएच.डी.ची पोझिशन प्रोफेसरांच्या प्रोजेक्ट ग्रँटवर, म्हणजे त्यांच्या प्रकल्पाला ठरावीक मुदतीसाठी मिळालेल्या निधीवर होती. करार तीन वर्षांचा, पण त्या विभागात थिसिस चार वर्षांच्या आत कुणाचीच होत नव्हती. शिवाय ग्रँट मी रुजू होण्याच्या बरीच आधी सुरू झालेली. व्हॅक्यूम पंप उशिरा आला, सेन्सरचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागलं, पहिलं वर्ष सेटअप उभा करण्यातच गेलं. ग्रँटचे महिने मात्र सरतच होते. पुढचं काय, असं विचारलं की उत्तर यायचं, 'बघू, काहीतरी करू.' शेवटचं वर्ष मी दिवसा प्रॅक्टिकल्स घेऊन आणि रात्री थिसिस लिहून काढलं. त्याचा थकवा अजून अंगात आहे.

म्हणून होकार देण्याआधी ईमेलवर, लेखी विचारा: ग्रँट कोणत्या तारखेला संपते? काम लांबलं तर पगार कोण देणार? ऑफर लेटरमध्ये 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं असेल तर त्या ओळीचा अर्थही विचारा. आणि त्याच लॅबमधल्या सीनियरला गाठून तो शेवटच्या वर्षी कशावर जगला, हे जाणून घ्या. खरं उत्तर तिथेच मिळतं. या प्रश्नांवर चिडणारा गाईड पुढे पेपरच्या वेळीही चिडेल, असं माझं ठाम मत आहे.

देशागणिक खाचाखोचा वेगळ्या. जर्मनीत ई-13 ही पगारश्रेणी लिहिलेली असते, पण करार बऱ्याचदा त्या पगाराच्या 65 किंवा 75 टक्क्यांचाच असतो; काम मात्र पूर्णवेळ. ब्रिटनमधल्या कित्येक स्टुडंटशिप (पीएच.डी.च्या शिष्यवृत्त्या) फक्त स्थानिक विद्यार्थ्यांच्या दराची फी भरतात, परदेशी विद्यार्थ्यांच्या जास्त फीचा वरचा फरक तुमच्या खिशातून. मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपियन युनियनच्या पीएच.डी. योजनेत पगार उत्तम, पण रुजू होण्याआधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे ज्या देशात नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलंत, तिथली जागा गेली.

एसओपी (अर्जासोबतचं 'मला हे का शिकायचंय' सांगणारं निवेदन) लिहून देणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. शंभर प्रोफेसरांना एकच ईमेल पाठवणंही फुकट. पाचच जणांना लिहा, पण त्यांचा एखादा पेपर नीट वाचून.

आणि मार्क साधारण आहेत म्हणून अर्जच न करणं, हे तर मुळीच नको. कोड, प्रयोग, प्रोजेक्ट रिपोर्ट, दाखवण्यासारखं काही हातात असलं तर लोक खरंच वाचतात. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी 15 एप्रिलच्या ठरावावर सह्या केल्या आहेत. आर्थिक मदतीसह आलेल्या त्यांच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर द्यायचं बंधन नसतं. कुणी घाई केली तरी तेवढा वेळ घ्या आणि वरचे प्रश्न विचारून टाका.