नवं अँटिबायोटिक तपासताय? आधी जंतू मोजा

न्यूमोनियाच्या रुग्णाच्या बेडक्यातून क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर जंतू निघाला, मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकलाही दाद देईना, की नव्या औषधाची एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, काढायची घाई सुटते. आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी तिथेच थांबवते. तपासणीच्या प्लेटवरच्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यात, जंतू किती पडले हे माहीत नसेल, तर त्या एमआयसीवर डॉक्टरांनी औषध लिहू नये.

रात्रभर वाढलेल्या प्लेटवरच्या तीन-चार सुट्या कॉलनी सलाइनमध्ये घोळवा. ०.५ मॅकफरलंडची नळी, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाचा नमुना, शेजारी धरा. मागच्या कार्डावरच्या काळ्या रेघा दोन्ही नळ्यांतून सारख्याच पुसट दिसायला हव्यात. त्यानंतर १५ मिनिटांच्या आत पातळ करायला घ्या. वेलमध्ये मिलिलिटरमागे साधारण ५ लाख जंतू हवेत. जास्त पडले तर त्यांची बीटा-लॅक्टमेज एन्झाइम्स औषध फोडतात आणि चांगलं औषध निकामी ठरतं. कमी पडले तर दाद न देणारा जंतूही संवेदनशील म्हणून पास होतो. मला याचीच जास्त धास्ती वाटते, कारण तो रिपोर्ट आयसीयूत जातो.

म्हणून बिनऔषधाच्या कंट्रोल वेलमधून लगेच १० मायक्रोलिटर उचला, १० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळा आणि त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरवा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास कॉलनी आल्या, तर जमलं. कंटाळा आला म्हणून हे गाळू नका.

ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं द्रव खाद्य, कॅटायन-अ‍ॅडजस्टेड (कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला) म्युलर-हिंटन घ्या. सेफिडेरोकोल हे अँटिबायोटिक लोहाच्या वाटेने जंतूत शिरतं, त्याला लोह काढलेला ब्रॉथच लागतो.

आता आपल्याकडचा मे महिना. साधा इन्क्युबेटर तापवतो, गार करत नाही. दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला आणि खोलीच चाळिशीला टेकली, तर आत ३५ अंश राहणार कसे? तापमान चढलं की स्टॅफ जंतूचा मेथिसिलिन या औषधाला असलेला प्रतिकार लपू शकतो. उन्हाळ्यात प्लेट बीओडी इन्क्युबेटरमध्येच ठेवा, तो गारही करतो, आणि बॅकअपवर आहे ना ते बघून घ्या. कूलरच्या झोतात तर काम करूच नका.

सोबत एटीसीसी २७८५३ हा स्यूडोमोनासचा प्रमाण जंतू लावा. त्याच्या एमआयसीचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर अख्खी बॅच रद्द.

आणि एमआयसी सुरेख आली तरी औषध फुप्फुसात चालेलच असं धरू नका. डॅप्टोमायसिन हे अँटिबायोटिक वेलमध्ये न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू मारतं, पण फुप्फुसाच्या आतल्या अस्तरावरच्या सर्फॅक्टंट या पदार्थामुळे निष्प्रभ होतं. नव्या औषधाची वेलची एक रांग सर्फॅक्टंट मिसळलेल्या ब्रॉथमध्ये लावा, आणि साध्या रांगेपेक्षा एमआयसी किती पट चढली तेही रिपोर्टमध्ये लिहा.