कमरेतल्या इंजेक्शननंतर डोकं दुखतंय? आधी आडवं होऊन पाहा

सिझेरियन, हर्निया किंवा पायाच्या ऑपरेशनसाठी कमरेत भूल दिली की काहींचं डोकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकू लागतं. कपाळ आणि मानेची मागची बाजू दुखते, मळमळतं, कानात दडे बसतात. ओळखायची खूण अशी: उठून बसलं की पंधरा मिनिटांच्या आत दुखणं वाढतं आणि सपाट आडवं झालं की तेवढ्याच वेळात उतरतं. आडवं होऊनही फरक पडत नसेल तर कारण दुसरं असू शकतं. उपाशी ठेवल्यामुळे चुकलेल्या चहानेसुद्धा डोकं धरतं.

मणक्यातल्या पाण्याभोवतीच्या पडद्याला सुईने पडलेलं भोक लगेच बुजलं नाही, तर पाणी झिरपत राहतं. मेंदूचा आधार कमी होतो, उभं राहिलं की तो किंचित खाली ओढला जातो आणि त्याची आवरणं ताणली जातात. म्हणून सगळा खेळ सुईचा. 25 किंवा 27 नंबरची (नंबर मोठा तितकी सुई बारीक), पेन्सिलसारख्या टोकाची सुई पडद्याचे धागे बाजूला सारते. धारदार टोकाची ते कापते. तरुण बायकांना, विशेषतः बाळंतिणींना हा त्रास जास्त होतो. मागे एकदा झाला असेल तर ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांना सांगा.

"चोवीस तास उशी नाही, मान उचलायची नाही" हे वॉर्डात अजून ऐकू येतं. असं झोपवून ही डोकेदुखी टळत नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुखत असेल तेव्हा आडवं व्हा, बाकी वेळ डॉक्टर सांगतील तसं हिंडा-फिरा. पाणी तहानेपुरतं; लोटेच्या लोटे रिचवून भोक बुजत नाही. वजन 50 किलोंच्या वर आणि यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल 500च्या दोन गोळ्या दर 6 तासांनी, दिवसात आठच्या वर नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. कॉफीने थोडा वेळ आराम पडतो, पण अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेऊ नये. जोर करावा लागू नये म्हणून पोट साफ ठेवा.

बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. पण बाळाला पाजायलाही बसवत नसेल तर सोसत बसू नका. भूलतज्ज्ञांना फोन करा. त्यांच्याकडे 'ब्लड पॅच' आहे: तुमच्याच हातातून काढलेलं 15 ते 20 मिली रक्त कमरेत, त्या पडद्याच्या बाहेर, सावकाश सोडतात. पाठीत दाब किंवा कळ आली की लगेच सांगा, ते तिथेच थांबतात. नंतर दोनेक तास पडून राहायचं आणि काही दिवस जड उचलायचं नाही. काहींना दुसऱ्यांदा लागतो. ताप असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर करत नाहीत.

ताप, झटका, एकाच बाजूची कमजोरी, झापड, दोन-दोन दिसणं, बाळंतिणीचं वाढलेलं बीपी, किंवा आधी आडवं झाल्यावर थांबणारं डोकं आता झोपूनही दुखू लागणं: यांतलं काहीही दिसलं तर ती भुलेची डोकेदुखी समजून घरी थांबू नका, तडक इमर्जन्सी गाठा आणि कमरेत भूल कोणत्या दिवशी दिली ते पहिल्याच वाक्यात सांगा.