मालवाहू गाडीला लॉकर की एलएसडी? आधी पाहा, चाक घसरतं की उचलतं

रावेर-यावलच्या मळ्यातून केळी भरून निघालेली पिकअप पावसाळ्यात पाणंदीवर रुतते, तेव्हा एक चाक जागेवर गरगरतं आणि दुसरं ढिम्म उभं असतं. इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गियरच्या संचाला डिफरन्शिअल म्हणतात. ट्रॅक्टरवाला अशा वेळी डिफरन्शिअल लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं जखडतात आणि ट्रॅक्टर निघतो. पिकअपला ते पेडल नसतं, म्हणून दोन्ही चाकं जखडणारा लॉकर किंवा एका चाकाचं घसरणं मर्यादेत ठेवणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, म्हणजे एलएसडी, बसवायचा विचार येतो. पैसे घालण्याआधी एवढं नक्की करा: तुमचं चाक घसरतं, की हवेत उचललं जातं?

साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, आणि तो किती द्यायचा हे पकड सुटलेलं चाक ठरवतं. चिखलातलं चाक 200 न्यूटन-मीटरला घसरत असेल, तर कोरड्यावरच्या चाकालाही 200च मिळतात. एकूण 400. हेलिकल (तिरक्या दात्यांच्या) गियरच्या एलएसडीचं बायस गुणोत्तर, म्हणजे पकड असलेल्या चाकाला किती पट जोर जातो तो आकडा, 3 धरलं, तर कोरड्या चाकाला 600पर्यंत जातात, एकूण 800. भरलेली गाडी हलायला पुष्कळदा एवढं पुरतं. पण चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. तिथे हँडब्रेक किंचित ओढून अॅक्सिलरेटर दिला, की फिरत्या चाकाला अडथळा मिळतो आणि दुसऱ्याकडे जोर जातो. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तरच हे चालतं. गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर ब्रेक असलेल्या गाडीत उपयोग नाही.

क्लच-प्लेटच्या एलएसडीत स्प्रिंगचा दाब आधीच असल्यामुळे चाक उचललं तरी थोडा जोर दुसरीकडे जातो. मात्र प्लेटा झिजतात आणि तेलात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटांचं घर्षण नीट ठेवणारं मिश्रण, लागतो. रोज माल वाहणाऱ्या गाडीला आम्ही हेलिकलच सुचवू, कारण त्यात झिजायला प्लेटा नाहीत आणि वळणावर स्टिअरिंगला झटका बसत नाही.

वेगाने फिरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांच्या तत्त्वावर आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉक थार आणि बोलेरो निओच्या काही मॉडेलांत कंपनीचंच आलेलं आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की ते लागतं, आणि ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग गेला की लागत नाही. भित्रा अॅक्सिलरेटर दिला तर चाक नुसतं हळू फिरत राहतं आणि लॉक लागतच नाही. ड्रायव्हरला हे शिकवावं लागतं.

चांदसैली घाट किंवा तोरणमाळच्या बाजूला, जिथे दगडांवर चाक खरोखर उचलतं, तिथे बटणावर चालणारा हवेचा किंवा विजेचा लॉकर घ्या. बटण बंद असताना गाडी साधीच राहते, हा त्याचा मोठा गुण. सतत जखडून राहणारा आणि वळणावरच सुटणारा ऑटोमॅटिक लॉकर भरलेल्या पिकअपला नकोच. घाटाच्या वळणात पॉवर दिली की तो गाडी सरळ ढकलतो, आणि ओल्या डांबरावर मागचा भाग उताराकडे सरकतो.

तापीकाठच्या काळ्या मातीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ही माती टायरच्या नक्षीत लिंपून बसते, मग दोन्ही चाकांची पकड एकदमच जाते. तिथे लॉकर लावला तर एकाऐवजी दोन खड्डे पडतात आणि डिफरन्शिअलचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, मधल्या वरंब्यावर टेकतं. त्यामुळे पहिला खर्च खोल नक्षीच्या टायरवर. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड (नवी नक्षी चढवलेला जुना टायर) असेल तर एलएसडी बसवूच नका. घेर वेगळा असला की सरळ रस्त्यावरही एलएसडी दिवसभर काम करत राहतो, आणि तेल तापतं. टेपने दोन्ही टायरांचा घेर मोजा, जोडी सारखी करा.

खरेदीला जाताना गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही. एक्सल शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे, दाते मोजा. पहिल्या दात्याला खडूची खूण करा, नाहीतर मोजणी चुकते. क्राउन व्हीलचा (डिफरन्शिअलच्या मोठ्या गियरचा) व्यास, बोल्टांची संख्या आणि क्राउन व व्हील फिरवणारा लहान गियर, म्हणजे पिनियन, यांचे दाते लिहून घ्या. 41 आणि 10 दाते म्हणजे 4.1 रेशो. काही एक्सलमध्ये रेशो बदलला की कॅरिअरही, म्हणजे क्राउन व्हील ज्यावर बसतं तो भाग, वेगळा लागतो, आणि दुकानदार ते विचारतोच असं नाही. लॉकर लागल्यावर सगळा जोर एकाच शाफ्टवर येऊ शकतो. शाफ्टला पीळ पडलेला दिसला तर तो आधी बदला.

बसवताना बेअरिंग कॅपवर पंचने डावी-उजवी खूण करा, कारण त्या हौसिंगबरोबरच मशीन केलेल्या असतात आणि अदलाबदल चालत नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते शिमवर, म्हणजे जागा जुळवायच्या पातळ चकत्यांवर. जुन्या कॅरिअरचे शिम तसेच नव्यावर चढवले तर क्राउन व्हील जागेवर बसत नाही आणि पहिल्याच फेरीला घुंऽऽ असा आवाज सुरू होतो. डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, चार ठिकाणी मोजा. पिकअपच्या एक्सलला तो बहुधा 0.13 ते 0.20 मिलिमीटर असतो, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. दात्यांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा, ठसा दात्याच्या मध्यावर आला पाहिजे. बोल्ट नवे घ्या, आटे ढिले होऊ न देणारा गोंद (थ्रेड लॉकर) लावा आणि समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा.

तेल जीएल-5 दर्जाचं गियर तेल. क्लचच्या एलएसडीत मॉडिफायर विसरलात तर वळणावर मागून कटकट आवाज येतो. क्राउन-पिनियन नवं असेल तर पहिले 30 किलोमीटर रिकामी गाडी चालवून थंड होऊ द्या, आणि 800 किलोमीटरपर्यंत पूर्ण माल भरू नका. मग तेल बदला. काढलेल्या तेलात बारीक राखाडी भुकटी चालते, पण बोटाला टोचणारा कण सापडला तर हौसिंग उघडा.

बटणाचा लॉकर चिखलात शिरायच्या आधी, गाडी थांबवून किंवा अगदी सावकाश चालत असताना लावा. चाक गरगरत असताना बटण दाबलं तर आतले दाते तुटू शकतात. बाहेर आल्यावर बटण बंद केलं तरी ताणामुळे लॉक अडकून राहू शकतं. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवून गाडी पुढे-मागे घ्या, आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझल्याशिवाय डांबरावर वळू नका.