जर्मनीत शिकायला जाताय? पहिल्या महिन्यात काय आधी, काय नंतर

जर्मनीत उतरल्यावर बरीच पोरं बँक, सिम, जॉब सगळ्यामागे एकदम धावतात आणि महिनाभर काहीच पुढे सरकत नाही. इथे जवळपास प्रत्येक काम तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावर अडतं, म्हणून क्रम महत्त्वाचा.

१) निघण्याआधी पैशाचं बघा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात पण हातात महिन्याला ९९२ च येतात, आणि तेसुद्धा इथे आल्यावर खातं सुरू करून घेतल्यावर. त्यामुळे पहिलं भाडं आणि डिपॉझिट वेगळं ठेवाच, डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं.

२) घर. बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न हाच विचारा, इथे आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करता येईल ना? नाही म्हणाले तर दुसरं घर शोधा, कितीही स्वस्त असलं तरी. आणि "मी सध्या बाहेरगावी आहे, पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल" असं कोणी म्हणालं तर एक पैसाही पाठवू नका प्लीज, घरच्यांनी कर्ज काढून दिलेले पैसे असे जातात तेव्हा फार वाईट वाटतं.

३) राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत आनमेल्डुंग करायचं असतं. पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं, ते पत्र चावी घेतानाच मागून घ्या नंतर मागे लागावं लागतं. बर्लिनसारख्या मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, भारतात असतानाच वेबसाइट बघायला लागा, आणि नाहीच मिळाली तर प्रयत्न केल्याचे स्क्रीनशॉट ठेवा.

४) लेटरबॉक्सवर स्वतःचं आडनाव चिकटवा, त्याच दिवशी. साधी गोष्ट आहे पण इथे पोस्टमन फ्लॅट नंबर नाही तर नाव बघून पत्र टाकतो. टॅक्स नंबर, इन्शुरन्सची पत्रं, बऱ्याचदा बँकेचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं आणि नाव नसेल तर परत जातं! मित्राकडे राहत असाल तर त्याच्या नावाखाली तुमचंही लावा.

५) हेल्थ इन्शुरन्स. तिशीच्या आत असाल तर सरकारी विद्यार्थी इन्शुरन्स घ्या असं माझं ठाम मत. खासगी स्वस्त दिसतो म्हणून एकदा सरकारीतून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही.

६) रेसिडेन्स परमिट. व्हिसा संपायच्या आत अर्ज जायला हवा, पण तारखा मिळायला वेळ लागतो त्यामुळे आनमेल्डुंग झालं की लगेच लागा.

७) मग एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीची फी महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते, फेकून देऊ नका. फ्लॅट शेअर करत असाल तर घरामागे एकच फी, रूममेट भरत असेल तर त्याचा फी भरायचा खाते नंबर पत्राच्या उत्तरात कळवा आणि पैसे वाटून घ्या.

आता रोजचं. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातलं एखादं सोडून, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणा. पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन जपून ठेवा, सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाकले की बहुतेकांचे प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या असतील तर रविवारी आणि रात्री नको, आवाजावरून शेजारी खरंच बोलतात. फोडणी देताना खिडकी आधी उघडा, घरोघरी स्मोक अलार्म असतो, आणि कितीही वाजला तरी बॅटरी काढू नका.

आणि दोन नंबर आत्ताच सेव्ह करा. जिवावरचं असेल तर ११२, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप वगैरे आला तर ११६११७.